तारांचें सोंवळें

गेल्या वैशाखांत अकोल्याच्या आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस अगत्यानें बोलावून घेतलें. हे गृहस्थ सेवानिवृत्त प्राध्यापक आणि बुवाबाजीचे हाडवैरी. त्यांच्या घरांत राहुकाल पाहिला जात नाहीं, मुलांच्या लग्नांत पत्रिका जुळविल्या गेल्या नाहींत, आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यांवरून त्यांनीं जवळच्या आप्तांशींहि वांकडें घेतलेलें आहे. अशा पुरुषाच्या दिवाणखान्यांत आम्ही पाऊल ठेवतों न ठेवतों, तोंच ते ओरडले, "थांबा! तारेला पाय लागेल!" पाहतों तों अँप्लिफायरपासून दोन्ही स्पीकरांपर्यंत पांढऱ्या सुताच्या वेष्टणांतील बारीक तारा गेलेल्या, आणि त्यांस जमिनीचा विटाळ होऊं नये म्हणून त्या लांकडी ठोकळ्यांवर निजविलेल्या. त्यांची सात वर्षांची नात दाराच्या चौकटीला टेकून आंतलें गाणें ऐकत होती. तिला आंत येण्याची परवानगी नव्हती. आमच्या लहानपणीं आजी सोंवळ्यांत असतांना स्वयंपाकघराच्या दाराशीं आम्हीं मुलें अशींच उभीं असूं. त्या सोंवळ्याविरुद्ध ज्या पिढीनें बंड केलें, तिच्याच दिवाणखान्यांत तें तारेला नेसवून पुनः प्रतिष्ठित केलेलें पाहून आम्हांस हा लेख लिहिणें भाग पडलें.

कोणाची टवाळी करण्याचा आमचा हेतु नाहीं; कारण त्या टवाळीचा पहिला मान आमच्याच घराला द्यावा लागेल. अमरावतीस आमच्या ट्रंकेंत अंगठ्याएवढ्या जाड केबलींची एक जोडी आठ वर्षांपासून पडून आहे. ती आम्हीं कोणत्या वेडांत घेतली आणि किती रुपयांस घेतली, हें आमच्या कुटुंबास अद्याप पुरतें ठाऊक नाहीं. तेव्हां पुढील लिखाण हें एका रोग्यानें दुसऱ्या रोग्यांस सांगितलेलें पथ्य आहे, असें समजावें.

ज्या वाचकांचा या प्रकरणाशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. सुमारें १९७० पर्यंत स्पीकराला कोणती तार जोडावी हा प्रश्नच कोणास पडत नव्हता. टेबलावरच्या दिव्याला जी दुहेरी तार लागे, तीच स्पीकराला लागे. त्या दशकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत व जपानांत खास स्पीकरांसाठीं म्हणून तारा विकण्याचा धंदा उभा राहिला. तारा जाड झाल्या, मग त्यांवर जाळ्या चढल्या, मग चांदी आली, मग सोन्याचा मुलामा आला. आणि शेवटीं तारेची किंमत स्पीकराच्या किमतीला जाऊन भिडली. या थाटामाटाचा वीट येऊन जो दुसरा पंथ निघाला तो बारीक तारेचा. त्याचें ब्रीद असें कीं, जितकें कमी तितकें शुद्ध. अनेक तंतूंचा पीळ नको, एकच सलग तंतु असावा. तो शक्य तितका बारीक असावा. वर प्लॅस्टिक नको. नुसती हवा, किंवा फार तर न रंगविलेल्या सुताची सैल पिशवी. जाळी नको, जड प्लग नको. अशी तार दोनशें तास वाजवून "पिकूं" द्यावी, तिच्यावर दाखविलेल्या बाणाच्या दिशेनेंच ती जोडावी, म्हणजे गायकाच्या आवाजावरचा पडदा दूर होतो!

या पंथाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. जाड केबलींचा बाजार हा बाजारच होता, आणि त्याच्याविरुद्ध साधेपणाचा पुरस्कार करणारांनीं प्रथम तरी सत्याचीच बाजू घेतली. परंतु एक बुवा गांवांतून गेला म्हणून दुसऱ्याच्या पायां पडलेंच पाहिजे असें नाहीं. साधेपणा ही काटकसर असेल तर तो गुण आहे. साधेपणाचें जेव्हां स्तोम होतें आणि तीन मीटर बारीक तारेसाठीं आमचे स्नेही सतरा हजार रुपये मोजतात, तेव्हां तो साधेपणा राहात नाहीं. तें दागिन्यांऐवजीं भगवें नेसून केलेलें प्रदर्शन होतें.

आतां आमचा अनुभव सांगतों. अकोल्याहून परततांना आमचाहि निश्चय डळमळला होता, हें कबूल केलें पाहिजे. कारण स्नेह्यांच्या घरीं कुमार गंधर्वांचें एक निर्गुणी भजन ऐकतांना आम्हांसहि कांहीं तरी निराळें वाटलें होतें. अमरावतीस येतांच संगणकाच्या जाळ्याला वापरतात ती केबल आम्हीं सोलली, तिच्यांतील अर्ध्या मिलिमीटरचे तंतु काढले, कुटुंबाच्या शिवणाच्या डब्यांतील सूत त्यांवर गुंडाळलें, आणि अँप्लिफायरला जोडले. काय सांगावें! आवाज मोकळा झाला, खर्ज गोल झाला, तंबोऱ्याच्या जवारींतले पदर सुटे झाले. तीन आठवडे आम्ही त्या तारेचे भक्त होतों. चौथ्या आठवड्यांत एका दुपारीं आम्हीं कुटुंबास मोठ्या हौसेनें बसवून विचारलें, "फरक वाटतो कां?" तिचें माहेर दर्यापुराकडचें, तिनें क्षणभर ऐकलें आणि म्हटलें, "अहो, पहिले तं तो कूलर बंद करा!"

या एका वाक्यानें जें झालें तें दहा ग्रंथांनीं झालें नसतें. मे महिन्यांत ज्या घरांत खिडकीला कूलर अहोरात्र घोंघावत असतो, पंखा डोक्यावर खडखडत असतो, त्या घरांत आम्ही तंबोऱ्याचे पदर मोजत होतों! कूलर बंद केला तेव्हां आणखी एक गोष्ट उघड झाली. टेप व अँप्लिफायर यांमध्येंहि आम्हीं तशीच जाळीविरहित बारीक तार जोडली होती. तिच्यांतून एक मंद गुणगुण येत असे. ती कूलराबरोबर थांबली. मोटारीच्या आसपास जी वीज खेळते तिचा ५० आवर्तनांचा सूर ही उघडी तार पकडीत होती. साध्या तारेवर जी जाळी असते ती याच गोष्टीला आडवी येण्यासाठीं असते. अकोल्याच्या स्नेह्यांकडेहि हीच गुणगुण होती. पण ते तिला "नैसर्गिक उबदारपणा" म्हणत असत.

तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, या गोष्टीचा निकाल कानांनींच लावावा, पण डोळ्यांना साक्षीला बोलावूं नये. आमचा भाचा अभियांत्रिकी शिकतो. त्यानें दोन तारांमध्यें पालट करणारा एक स्विच तयार केला. स्नेही आपली सतरा हजारांची तार घेऊन अमरावतीस आले. तिच्याविरुद्ध आम्हीं विजेच्या दुकानांतून आणलेली, घराच्या भिंतींतून जाते ती, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार उभी केली. तिला मीटरला तीस रुपयांच्या आंतबाहेर पडले. स्विच पडद्यामागें ठेविला. भाचा शेजारच्या खोलींत नाणें उडवून कौल घेई, त्याप्रमाणें स्विच फिरवी, आणि चकार शब्द न बोलतां कागदावर टीप करी. सोळा वेळां गाणें लावलें. सोळा वेळां स्नेह्यांनीं आणि आम्हीं आपापलें उत्तर निरनिराळ्या कागदांवर लिहिलें. नुसत्या अंदाजानें सोळांपैकीं आठाच्या आसपास उत्तरें बरोबर यावयाचीं. स्नेह्यांचीं तेरा आलीं, आमचीं बारा!

स्नेह्यांचा आनंद गगनांत मावेना, आणि तो अकारण होता असें आम्ही म्हणत नाहीं. सोळांत तेरा उत्तरें केवळ दैवयोगानें येण्याचा संभव शंभरांत एक इतकाच. तारांत फरक होता आणि तो कानांस कळत होता. जे लोक सर्व तारा सारख्याच असें डोळे मिटून म्हणतात, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. न तपासतां नाकारणें हीहि एक श्रद्धाच आहे.

परंतु फरक कशाचा? शुद्धतेचा कीं आणखी कशाचा? येथें भाच्यानें कागद पुढें ओढला. जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ साली जो नियम प्रसिद्ध केला, तो शाळेच्या पुस्तकांत आपण सर्वांनीं पाठ केलेला आहे. तांब्याची तार जितकी लांब आणि जितकी बारीक, तितका तिचा रोध अधिक. तीन मीटर जातांना आणि तीन मीटर येतांना, अशी सहा मीटरची वाट धरली तर दीड चौरस मिलिमीटर तारेचा रोध ओहमाच्या पंधराव्या हिश्श्याइतका भरतो. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या त्या सोंवळ्या तारेचा अर्धा ओहम. आतां स्पीकर हा कांहीं सर्व सुरांना सारखा रोध करणारा दगड नव्हे. आठ ओहमाचा म्हणून विकलेला स्पीकर एखाद्या सुराला चार ओहमांपर्यंत उतरतो, तर खर्जांतल्या एका जागीं तीसपर्यंत चढतो. मध्यें अर्धा ओहम आला, कीं चार ओहमांच्या जागीं आवाज सुमारें एक डेसिबल घटतो आणि तीस ओहमांच्या जागीं जवळजवळ घटतच नाहीं. अर्थात् मधली पट्टी किंचित् दबते, खर्जाचा एक पट्टा किंचित् फुगल्यासारखा वाटतो. आम्हीं ज्याला "गोल खर्ज" म्हटलें तो हा!

स्नेह्यांस हें पटेना. "तुमचें गणित राहूं द्या, तारेंतला प्राण गणितांत सांपडत नाहीं," असें ते म्हणाले. तेव्हां भाचा बाजारांत गेला आणि ०·४७ ओहमाचे दोन रोधक घेऊन आला. हा बाजारांत नेहमीं मिळणारा आंकडा आहे, आणि दोहोंची किंमत दोन कप चहाच्या वर गेली नाहीं. ते त्यानें विजेच्या दुकानांतील जाड, प्लॅस्टिकनें मढविलेल्या, अनेक तंतूंच्या, ज्यांत या पंथाचे सर्व दोष एकवटले आहेत अशा तारेला जोडले. पुनः पडदा, पुनः नाणें, पुनः सोळा फेऱ्या. या वेळीं स्नेह्यांचीं सात उत्तरें बरोबर आलीं, आणि आमचीं नऊ. म्हणजे एका बाजूला सुताचें धूतवस्त्र नेसलेली एकतंतु तार, दुसऱ्या बाजूला भिंतींतली ओंवळी तार आणि दोन कप चहाचा रोधक; आणि आयुष्यभर गाणें ऐकलेल्या दोन म्हाताऱ्यांस त्यांतला भेद सांगतां येईना.

या लेखांत सांगावयाचें जें मुख्य तें एवढेंच. अनुभव खरा होता. अर्थ खोटा होता. देवीच्या अंगाऱ्यानें ताप उतरला असें जो सांगतो त्याचा ताप खरोखरच उतरलेला असतो. तो खोटें बोलत नाहीं. ताप आपला आपण उतरणारा होता, हें त्याला ठाऊक नसतें इतकेंच. सुशिक्षित मनुष्य अंगाऱ्याच्या बाबतींत हा विवेक चटकन् दाखवितो, आणि आपल्या आवडीच्या विषयांत पाऊल टाकतांच "मला अनुभव आला" या तीन शब्दांच्या आड लपून बसतो. अनुभव हा प्रश्न आहे; तें उत्तर नव्हे.

भाच्याच्या कागदावर एक शेवटची ओळ होती, ती वऱ्हाडाच्या वाचकांनीं अवश्य पाहावी. स्पीकराच्या आंत, पडद्याला चिकटलेली, केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. आठ ओहमांच्या स्पीकरांत तिचा स्वतःचा रोध साधारण सहा ओहम असतो. तांबें तापलें कीं त्याचा रोध अंशागणिक शेंकडा सुमारें ०·३९ वाढतो. पौषांतील वीस अंशांची सकाळ आणि वैशाखांतील चाळीस अंशांची खोली यांमध्यें त्या गुंडाळीचा रोध जवळजवळ अर्ध्या ओहमानें वाढतो. तोच अर्धा ओहम! आमच्या स्नेह्यांनीं सतरा हजारांस जें विकत घेतलें, तें अकोल्याचा सूर्य दर उन्हाळ्यांत फुकट वाटीत असतो. आणि जी गुंडाळी स्वतःच सहा ओहमांची, इतकी लांब आणि इतकी बारीक, तिच्या दाराशीं येऊन पोंचण्यापूर्वीं शेवटच्या तीन मीटरांत विजेला शुद्ध करून घ्यावयाचें, हें गांवभर चिखल तुडवून आल्यावर उंबरठ्याशीं आंगठा धुण्यासारखें आहे.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊं.

पहिला आक्षेप असा कीं, विज्ञानाला अजून सर्व कळलेलें नाहीं. हें खरें आहे. आणि म्हणूनच विज्ञान पडदा लावून विचारतें. पडद्यामागें कोणतीहि मोजपट्टी नव्हती. तेथें होते ते तुमचेच कान. ज्या गुणाचें माप अद्याप सांपडलेलें नाहीं असा कांहीं गुण तारेंत असेल, तर तो निदान कानांस तरी कळला पाहिजे कीं नाहीं? डोळे उघडे असतांना जो कळतो आणि डोळे झांकतांच जो नाहींसा होतो, तो गुण तारेंत नसून डोळ्यांत आहे. अमरावती जिल्ह्यांतच होऊन गेलेले गुलाबराव महाराज लहानपणींच दृष्टि गेली असतां "प्रज्ञाचक्षु" म्हणून मानले गेले. डोळे मिटल्यानें ज्ञान उणावतें असें निदान या भूमीच्या मनुष्यानें तरी म्हणूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, परीक्षेच्या दडपणाखालीं कान बधिर होतात. मग पहिल्या सोळा फेऱ्यांत ते बधिर कां झाले नाहींत? जेथें अर्ध्या ओहमाचा फरक होता तेथें त्याच खोलींत, त्याच पडद्यासमोर, त्याच कानांनीं तेरा उत्तरें बरोबर दिलीं. फरक काढून घेतल्यावर मात्र दडपण आलें, असें म्हणणें म्हणजे मांत्रिकानें "सभेंत कोणी नास्तिक बसला आहे" असें सांगून उठून जाण्यासारखें आहे.

ही परीक्षा कांहीं आमच्या भाच्यानें शोधून काढलेली नाहीं. १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनीं ऐकणारा आणि पालटणारा या दोघांसहि उत्तर ठाऊक नसतें अशा तुलनेची पद्धत अमेरिकेच्या ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकांत मांडली. १९८३ साली तेथील "स्टिरिओ रिव्ह्यू" मासिकानें स्पीकर-तारांची अशी चांचणी केली. संगीत ऐकतांना साधी जाड तार आणि खास महागडी तार यांतला भेद श्रोत्यांस भरंवशानें सांगतां आला नाहीं. २००७ साली चमत्कारांची परीक्षा घेणारे जेम्स रँडी यांनीं सात हजारांहून अधिक डॉलर किमतीची एक तार साध्या चांगल्या तारेपासून कानांनीं ओळखून दाखविणारास दहा लक्ष डॉलरांचें बक्षीस देऊं केलें. बोलणीं पुष्कळ झालीं. परीक्षा झाली नाहीं. महाराष्ट्रांत अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीनें चमत्कार करून दाखविणारास बक्षिसाचें आव्हान दिलें, तेव्हां आमचे हेच प्राध्यापक स्नेही सभेंत पुढच्या रांगेंत बसून टाळ्या वाजवीत होते. रँडीची हकीकत आम्हीं त्यांस सांगितली तेव्हां मात्र त्यांनीं विषय बदलला.

तिसरा आक्षेप बाणाचा आणि पिकण्याचा. स्पीकराकडे जाणारी वीज ही एका दिशेनें वाहणारी नदी नव्हे. ती सुराच्या प्रत्येक कंपनाबरोबर पुढें जाते आणि मागें येते. मंद्र सप्तकांतला शंभर आवर्तनांचा सूर एका सेकंदांत शंभर वेळां आंत-बाहेर करतो. तिला बाण दाखविणें म्हणजे झोंपाळ्याला कोठें जावयाचें तें सांगणें आहे. टेप आणि अँप्लिफायर यांमधल्या जाळीच्या तारेंत जाळी एकाच टोकाला जोडलेली असल्यास दिशेला अर्थ असतो, हा अपवाद आम्ही प्रामाणिकपणें नमूद करितों. दोनशें तासांत पिकतें तें तारेंतलें तांबें नव्हे. ऐकणाराचा कान नव्या आवाजाला सरावतो, आणि तोंवर माल परत करण्याची मुदतहि निघून जाते.

चौथा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. "पैसा आमचा, कान आमचे, तुमचें काय गेलें?" पैशाविषयीं आम्हांस बोलावयाचें नाहीं. शुद्धतेविषयीं मात्र बोलावयाचें आहे. पारसच्या औष्णिक केंद्रांतून निघो कीं कोराडीच्या, घरांत येणारी वीज शेंकडों किलोमीटर उघड्या तारांवरून, पक्ष्यांच्या पायांखालून आलेली असते. जें गाणें आपण ऐकतों तें ध्वनिमुद्रणगृहांत कित्येक मीटर साध्या तारांतून गेलेलें असतें. ज्यांस खरोखरच तारेचा स्पर्शहि न झालेलें संगीत हवें असेल, त्यांनीं १९२५ पूर्वींच्या तबकड्या शोधाव्या. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजाननें कर्ण्यांत तोंड घालून गाइलें, सुईनें मेणावर रेघ ओढली, आणि ऐकणारानें किल्ली देऊन दुसऱ्या कर्ण्यांतून तें ऐकलें. त्यांत तार नव्हती, वीज नव्हती, प्लग नव्हता. याहून कमी तें काय असणार? आणि तरीहि पुढें मायक्रोफोन आणि तार आली तेव्हां अब्दुल करीम खांसाहेबांच्या आवाजांतली जी बारीक कंपनें आपणांस ऐकूं आलीं, तीं त्या निर्मळ कर्ण्यांत कधींच ऐकूं आलीं नसतीं. कमी म्हणजे शुद्ध, हें सूत्र येथेंच मोडून पडतें.

मग तारांच्या बाबतींत कांहींच करूं नये काय? करावें, आणि तें स्वस्त आहे. स्पीकराची तार तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आंखूड असावी. टेपची तार जाळीची असावी. तबकडीची सुई ज्या तारेनें जोडली जाते तिच्यांत विजेचा सांठा किती होतो यानें वरच्या सुरांत खरोखर फरक पडतो. म्हणून ती आंखूड ठेवावी. प्लग वर्षांतून दोनदां पुसावे. पावसाळ्यानंतर आमच्या डाव्या स्पीकराचा आवाज खरखरूं लागला, तो कोणत्याहि नव्या तारेनें नव्हे, तर काळवंडलेलें तांबें खरवडल्यानें सुधारला.

आणि राहिला तो कापूस. आम्हां वऱ्हाडच्या लोकांस या पंथाची सर्वांत झोंबलेली गोष्ट कोणती, तर ही कीं तारेवरील सुताच्या पिशवीला आमच्या स्नेह्यांनीं वेगळे पैसे मोजले. अकोल्याच्या बाजारांत भावासाठीं गाड्या उभ्या राहतात. त्या कापसाचा वीतभर दोरा समुद्रापलीकडून "अस्पर्श, अरंजित" अशी मुद्रा लावून परत येतो आणि आम्ही त्याला नमस्कार करतों! वास्तविक कापूस ओल धरतो. म्हणून तर विजेच्या तारेवरचें सुताचें वेष्टण मागें पडून रबर व प्लॅस्टिक आलें. पण कापसाला ध्वनीच्या शास्त्रांत एक खरें स्थान आहे. आमच्या दिवाणखान्यांत उघडी फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्याचें कपाट. टाळी वाजविली तर ती तीन वेळां परत येई. भाच्याच्या सांगण्यावरून आम्हीं लग्नांतल्या दोन जुन्या कापसाच्या गाद्या स्पीकरांच्या मागल्या कोपऱ्यांत उभ्या केल्या, फरशीवर जाड सतरंजी अंथरली आणि स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढें ओढले. कापसाच्या सच्छिद्र थरांत हवेचें कंपन घर्षणानें विरून जातें. भिंतीवरून परतणारा आवाज मंदावतो. हा फरक पडद्यामागून ओळखावा लागला नाहीं. शेजारच्या खोलींतून कुटुंबानें विचारलें, "आज काय केलं?" कापूस तारेवर नको, भिंतीला लावा.

वऱ्हाडांत वकिली करून राहिलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं "सुदाम्याच्या पोह्यां"तून आमच्या रूढींची जी टर उडविली, ती वाचून हंसलेल्यांचे आपण नातू. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ साली जन्मलेले आणि अमरावतीसच चिरविश्रांति घेणारे गाडगे महाराज कीर्तनांत उपदेश सांगत नसत. प्रश्न विचारून उत्तर श्रोत्याच्याच तोंडून वदवीत. त्यांचा खराटा केवळ रस्त्यासाठीं नव्हता. त्या दोघांच्या प्रांतांत सुशिक्षित कुटुंबांनीं तरी स्वतःस एवढा प्रश्न विचारावा, कीं मला जें ऐकूं आलें तें डोळे मिटून पुनः ऐकूं येईल काय?

कारण सोंवळ्याचा खरा दोष त्याच्या खर्चांत नाहीं. तें माणसांस दूर लोटतें. ज्या यंत्राला हात लावावयाचा नाहीं, ज्याच्या तारेला ओलांडावयाचें नाहीं, ज्याच्यासमोर बोलावयाचें नाहीं, त्या यंत्रावर कितीहि निर्मळ गाणें वाजलें तरी तें ऐकणारा एकटाच उरतो. पूर्वीं एका रेडिओभोंवतीं सारा वाडा जमत असे. आवाज खरखरत असे, पण मुलांच्या कानांत सूर जाऊन बसत. स्नेह्यांच्या नातीनें दाराबाहेर उभें राहून काय ऐकलें असेल? सूर कीं मनाई?

स्नेही आमच्यावर रागावले आहेत कीं नाहीं, हें अद्याप नक्की कळलेलें नाहीं. दुसऱ्या सोळा फेऱ्यांचा कागद त्यांनीं घडी करून खिशांत घातला आणि मूर्तिजापुरावरून संध्याकाळच्या गाडीनें ते परत गेले. भाच्याचा स्विच, पडदा आणि ते दोन रोधक आम्हीं ट्रंकेंत, त्या जाड केबलींच्या शेजारींच ठेविले आहेत. ज्या कोणास आपल्या तारेविषयीं खात्री असेल त्यानें ती घेऊन अमरावतीस यावें, चहा आमचा. सोळांत बारा उत्तरें जरी त्या रोधकाविरुद्ध बरोबर आलीं, तरी पुनः सोळा फेऱ्या घेऊं. आणि तेव्हांहि बारा आलीं, तर हा लेख चुकला असें याच पानांवर आम्ही लिहूं. मात्र येतांना घरांतल्या मुलांस बरोबर आणावें. आमच्या सतरंजीवर जागा पुष्कळ आहे, आणि तारा जमिनीवर असल्यामुळें कोणाचा पाय लागला तरी चालतो.